गोळी, गाठ आणि सासूबाईंची पुडी

पत्र (थोडक्यात): मॅडम, मी घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यातली. वय २९, दोन लेकरं. धाकटा दोन वर्षांचा झाला तेव्हापासून आशाताईनं दिलेल्या पाळणा लांबवायच्या माला-एन गोळ्या चालू होत्या. पाकिटातल्या काळ्या गोळ्यांनी मळमळते म्हणून त्या तेवढ्या घेत नव्हते. यंदा वेचणीत लय थकवा येऊन राहिला, ओझं घेऊन धुऱ्यावर चढलं की दम लागते. वजनही तीन-चार किलो वाढलं. तालुक्याला एका लॅबचं ‘फुल बॉडी’चं पॅकेज होतं, ते केलं. त्यात कॉर्टिसॉल ३८ आलं, बाजूला ५ ते २५ लिहिलं आहे. रिपोर्ट देणारा म्हणाला, किडनीवरच्या ग्रंथीत गाठ असंल, नागपूरला जाऊन सिटी स्कॅन करा. तेव्हापासून मले झोप नाही. गोळीचं पाकीट त्याच दिवशी चुलीत टाकलं. आमच्या मालकाचं म्हणणं, भाव नाही तरी घरातला कापूस विकू अन् जाऊ. सासूबाई म्हणतात नागपूर कशाले, मी जिथून गुडघ्याची पुडी आणतो तिथंच दाखवू. पुडीनं त्यांचे गुडघे थांबले, तब्येतबी भरली, चेहरा कसा गोल झाला. मी काय करू? रिपोर्टचे फोटो जोडले आहेत.

ताई,

कापूस घरातच राहू द्या. सिटी स्कॅन नको. पुडीवाला तर मुळीच नको.

तुमचं पत्र आणि रिपोर्टची सगळी पानं नीट पाहिली. त्यात दोन गोष्टींची मला खरोखर काळजी वाटते आणि कॉर्टिसॉलचा ३८ हा आकडा त्यातला नाही. एक गोष्ट रिपोर्टच्या पहिल्याच पानावर आहे, दुसरी तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता सांगितलीत. पण ज्या गाठीनं तुमची झोप उडवलीय तिच्याबद्दल आधी बोलू, नाहीतर पुढचं तुमच्या डोक्यात शिरायचं नाही.

दोन्ही किडन्यांच्या माथ्यावर एकेक छोटी ग्रंथी असते, ॲड्रिनल. वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. कॉर्टिसॉल तिथं बनतं. उपाशीपोटी साखर टिकवणं, ब्लडप्रेशर धरून ठेवणं, ताप आला, मार लागला, धसका बसला तर शरीराला उभं ठेवणं, ही त्याची कामं. सकाळी आठच्या सुमारास ते सगळ्यात जास्त असतं, मध्यरात्री सगळ्यात कमी. किती बनवायचं याचा हुकूम मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीकडून येतो.

आता मुद्द्याची गोष्ट. रक्तातलं कॉर्टिसॉल मोकळं फार थोडं असतं, शंभरातलं पाचेक टक्के. बाकीचं प्रथिनांना चिकटलेलं असतं आणि त्यातलं बहुतेक एकाच खास प्रथिनाला. हे प्रथिन बनवतं लिव्हर. शरीरावर काम करतं ते मोकळं कॉर्टिसॉल. चिकटलेलं नुसतं फिरत राहतं. तुमच्या लॅबनं मोजलं ते मोकळं अधिक चिकटलेलं, सगळं मिळून.

माला-एनच्या पांढऱ्या गोळीत दोन औषधं असतात. लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि इथिनिल इस्ट्राडायॉल ०.०३ मिलिग्रॅम. दुसरं म्हणजे इस्ट्रोजन, बायकांचं हार्मोन, तेही प्रयोगशाळेत बनवलेल्या चिवट जातीचं, लिव्हरला लवकर न मोडता येणारं. गोळी पोटातून आधी लिव्हरमध्येच जाते आणि तिथं त्या वाहक प्रथिनाचं उत्पादन वाढवते, अगदी दुप्पट-तिपटीपर्यंत. वाहक वाढले की त्यांना चिकटलेलं कॉर्टिसॉलही वाढतं. सुरुवातीला मोकळं थोडं कमी पडतं तेव्हा पिट्यूटरी ॲड्रिनलला जरा जोर लावायला सांगते. वाहक भरले, मोकळं कॉर्टिसॉल पूर्वपदावर आलं की तो जोरही थांबतो. पुढे ग्रंथी रोज बनवते ते साधारण आधीइतकंच. फक्त वाहकाला धरून ते रक्तात जास्त वेळ रेंगाळतं.

हंगामात बाजार समितीच्या आवारात कापसाच्या गाड्यांची रांग लागते ना, तसं समजा. फाटकावरून गाड्या मोजणारा म्हणेल, आज दुप्पट माल आला. पण जिनिंगमध्ये गेलेला कापूस कालच्याइतकाच असतो, बाकीच्या गाड्या नुसत्या उभ्या. तुमच्या लॅबनं फाटकावर उभं राहून गाड्या मोजल्या.

म्हणून गोळी घेणाऱ्या बाईचं एकूण कॉर्टिसॉल नेहमीच्या दुपटीच्या आसपास दिसणं हे डॉक्टरीच्या पुस्तकात जुनं आहे. गरोदरपणातही आकडा दुपटी-तिपटीवर जातो, आणि त्यामागचं एक मोठं कारण हेच वाढलेलं इस्ट्रोजन. रक्त घेताना ‘कोणती गोळी चालू आहे का’ एवढा एक प्रश्न कुणी विचारला असता तर तुमच्या घरी हा गोंधळ झालाच नसता. बायका आपणहून सांगत नाहीत, कारण ‘पाळणा लांबवायची गोळी’ हे त्यांना औषधच वाटत नाही. आणि पॅकेज विकणाऱ्याला विचारायला सवड नसते.

माझ्या म्हणण्याला तुमच्याच रिपोर्टमध्ये साक्षीदार आहे. तिसऱ्या पानावर थायरॉइड पाहा. टी-फोर (थायरॉइडचं हार्मोन) किंचित जास्त, आणि टीएसएच (पिट्यूटरीचा थायरॉइडला हुकूम) अगदी मधोमध, नॉर्मल. थायरॉइडच्या हार्मोनचंही वाहक प्रथिन असतं आणि इस्ट्रोजन तेही वाढवतं. एकाच गोळीनं एकाच कागदावर दोन आकडे फुगवलेत. ॲड्रिनलला गाठ अन् थायरॉइडला वेगळं काही, असं एकदम व्हायला तुमचं नशीब इतकं वाईट नाही.

तरी मी नुसत्या कागदावर विसंबत नाही. कॉर्टिसॉल खरंच जास्त असलं तर ते अंगावर दिसतं. बोटभर रुंद, जांभळे पट्टे पोटावर किंवा मांड्यांवर येतात (बाळंतपणाचे बारीक पांढुरके पट्टे वेगळे, ते सगळ्यांनाच असतात). जरा कुठं आपटलं की निळं-काळं होतं, कातडी कागदासारखी पातळ होते. मांड्यांतला जोर जातो, उकिडवं बसलेलं माणूस हाताचा टेका घेतल्याशिवाय उठत नाही. तुम्ही लिहिता की ओझं डोक्यावर घेऊन धुऱ्यावर चढता. दम लागतो, पण चढता. ज्याच्या मांड्या गेल्यात त्याला ते जमत नाही. असला आजार, त्याला कुशिंग म्हणतात, दहा लाख माणसांत वर्षाला दोन-तीनच जणांना होतो. पुड्या-इंजेक्शनांनी होणारा प्रकार वेगळा आणि भलताच जास्त. त्यावर येतेच.

आणि असा संशय आलाच तरी सकाळच्या एका रक्तावरून कुणी निदान करत नाही. पहाटेची बस पकडून, उपाशीपोटी, सुईच्या भीतीनं बसलेल्या कुणाचंही कॉर्टिसॉल त्या घटकेला चढलेलं असू शकतं. खऱ्या तपासण्या तीन. चोवीस तासांची लघवी जमवून त्यातलं मोकळं कॉर्टिसॉल मोजणं. रात्री उशिरा थुंकीतलं मोजणं. नाहीतर रात्री अकरा-बाराला डेक्सामेथासोन या कॉर्टिसॉलसारख्या औषधाची एक मिलिग्रॅम गोळी देऊन सकाळी आठला रक्त घेणं. तेव्हा कॉर्टिसॉल १.८ च्या खाली यायला हवं. या तिसऱ्या तपासणीत एक खोच आहे. इस्ट्रोजनची गोळी चालू असेल तर जवळपास निम्म्या बायकांमध्ये ती खोटी ‘पॉझिटिव्ह’ येते, कारण तेच, वाहक प्रथिन. म्हणून २००८ पासूनच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की रक्तातलं कॉर्टिसॉल मोजायचं असेल तर आधी सहा आठवडे इस्ट्रोजन बंद ठेवा. सिटी स्कॅनचा नंबर या सगळ्यानंतर, हार्मोन खरंच जास्त आहे हे ठरल्यावर. आधीच स्कॅन केला तर ॲड्रिनलवर एखादी निरुपद्रवी, आयुष्यभर काही न करणारी गाठ दिसू शकते. अशा गाठी बऱ्याच जणांच्या अंगात असतात. मग तिच्यामागे नागपूरच्या फेऱ्या सुरू.

तुम्ही गोळी बंद केलीच आहे. मला विचारलं असतंत तर निव्वळ या आकड्यासाठी बंद करू नका म्हटलं असतं. पण झालं ते झालं, त्याचा उपयोग करून घेऊ. सहा आठवडे उलटल्यावर मनाच्या समाधानासाठी सकाळी आठचं फक्त कॉर्टिसॉल पुन्हा करा. पॅकेज नको, एकच तपासणी. ते उतरलेलं दिसेल. नाहीच उतरलं तर रिपोर्ट घेऊन यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये मेडिसिनच्या ओपीडीत दाखवा किंवा सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजला जा. त्यासाठी कापूस विकावा लागत नाही.

पण या सहा आठवड्यांत दिवस राहिले तर? चुलीत गोळी टाकताना हा विचार कुणी केला नाही. मालकांना सांगा, निरोध वापरायचा, एकही दिवस चुकवायचा नाही. आशाताईकडे मिळतात. पाळी लांबली तर आधी लघवीची तपासणी. पुढे गोळी पुन्हा सुरू करायची असेल तर आरोग्य उपकेंद्रात बीपी मोजून घ्या, कारण इस्ट्रोजनचा ॲड्रिनलशी आणखी एक संबंध आहे. लिव्हरमध्ये ते अँजिओटेन्सिनोजन नावाचं प्रथिनही वाढवतं. त्यातून पुढे ॲड्रिनलला मीठ-पाणी राखणारं अल्डोस्टेरॉन जास्त सोडायचा इशारा मिळतो आणि काही बायकांचं बीपी चढतं. वरचं १४० किंवा खालचं ९० गाठलं असेल तर ही गोळी तुमच्यासाठी नाही. मग तांबी (कॉपर-टी) बसवा. त्यात हार्मोनच नसतं आणि ३८०-ए प्रकारची तांबी दहा वर्षं चालते. दोन लेकरं झाली, घाईत तिसरं नको, अशा बाईला मी तरी तांबीच सुचवते. वजनाचं म्हणाल तर तीन-चार किलोसाठी गोळीला फाशी देऊ नका. बीपी बघा, मग बोलू.

आता रिपोर्टचं पहिलं पान. हिमोग्लोबिन ८.९. त्याच्याखाली लाल रेघ आहे, पण कॉर्टिसॉलच्या गाजावाजात ती कुणी पाहिली नाही. तुमच्या वयाच्या बाईचं किमान १२ हवं. वेचणीत थकवा, चढावर दम, हे सगळं त्या ८.९ चं आहे. ज्या काळ्या गोळ्या तुम्ही बाजूला काढल्यात ना, त्या लोहाच्या. पाकिटात २१ पांढऱ्या हार्मोनच्या आणि ७ काळ्या लोहाच्या, अशी ती मांडणी असते. काळ्या टाळल्यानं पाळणा लांबवण्यात फरक पडत नाही, पण रक्ताचं नुकसान होतं. आणि ८.९ असताना त्या सातही पुरणार नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टरांकडून लोहाच्या गोळ्यांचा पूर्ण डोस लिहून घ्या. रात्री जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. चहासोबत नाही, चहानंतर लगेचही नाही, लोह अंगी लागत नाही. वरणावर लिंबू पिळलं तर फायदाच. शौचाला काळं होतं, घाबरू नका.

तिथं असतानाच सिकलसेलची (रक्ताच्या पिढीजात आजाराची) तपासणी झालीय का ते बघा. आपल्या पट्ट्यात, यवतमाळपासून गडचिरोलीपर्यंत, हा आजार घराघरात आहे आणि १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियानही सुरू आहे. बोटातून रक्ताचा थेंब, तोही फुकट. लेकरांचीही करून घ्या.

आणि सासूबाई.

तुम्ही लिहिलंत, ‘पुडीनं गुडघे थांबले, तब्येत भरली, चेहरा गोल झाला’. तुमच्या दृष्टीनं ही चांगली बातमी. मी ते वाक्य दोनदा वाचलं. तुमच्या घरात जास्त कॉर्टिसॉलची लक्षणं कुणाच्या अंगावर असतील तर ती त्यांच्या. बिनलेबलच्या, कागदात बांधलेल्या सांधेदुखीच्या पुडीत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड, कुटून घातलेलं असतं, हे आम्ही डॉक्टर लोक वर्षानुवर्षं पाहतोय. ही औषधं वाईट नाहीत. दम्याच्या झटक्यात, संधिवातात योग्य मापानं जीव वाचवतात. पण ती कॉर्टिसॉलचीच भावंडं आहेत. रोज, महिनोन्‌महिने, मापाशिवाय गेली की गाल फुगतात, पोट सुटतं, हातपाय काड्या होतात, साखर वाढते, बीपी वाढतं, मोतीबिंदू लवकर येतो, हाडं ठिसूळ होतात. गुडघे मात्र खरंच थांबतात, म्हणून तर माणसं त्या दारी रांग लावतात.

बघा, तुमच्यात आणि त्यांच्यात कसं उलटं झालंय. तुमचा आकडा मोठा, ग्रंथी ठणठणीत. त्यांचं कॉर्टिसॉल तपासलं तर बहुतेक कमी येईल, आणि ग्रंथी मात्र झोपलेली. बाहेरून रोज मिळतंय म्हटल्यावर पिट्यूटरी हुकूम देणं थांबवते, ॲड्रिनल आक्रसत जाते. त्यात त्यांची पाळी गेलेली असणार. पाळी गेल्यावर बीजकोष इस्ट्रोजन बनवत नाहीत. जे थोडंफार उरतं ते ॲड्रिनलमधल्या कच्च्या हार्मोनपासून अंगावरच्या चरबीत तयार होतं. ॲड्रिनल झोपली की तो झराही आटतो. म्हाताऱ्या हाडांना दोन्हीकडून फटका. अंगणात घसरल्या तरी खुबा मोडायचा.

तरीही, ताई, हे नीट ध्यानात घ्या: पुडी उद्यापासून बंद करायची नाही. झोपलेली ग्रंथी एकदम उठत नाही. अचानक बंद केली की उलट्या, भोवळ, बीपी पडणं, बेशुद्धी, आणि माणूस दगावतंही. पुडीवाल्याशी भांडायलाही आत्ता जाऊ नका. त्यानं रागानं देणं बंद केलं तर तेच संकट. घरात आहेत त्या पुड्या कागदासकट पिशवीत घाला आणि सासूबाईंना घेऊन मेडिसिनच्या ओपीडीत जा. तिथं सांगा, किती महिने, दिवसाला किती. डॉक्टर मोजून दिलेल्या गोळीवर आणून हळूहळू कमी करतील. कधी महिने लागतात. गुडघ्यांचं दुखणं त्या काळात परत डोकं वर काढेल, त्याची वेगळी औषधं आणि व्यायाम असतात, ते तिथंच विचारा. साखर आणि बीपी उपकेंद्रात याच आठवड्यात बघून घ्या.

सासूबाईंना ‘पुडी खोटी आहे’ म्हणाल तर त्या यायच्या नाहीत. त्यांच्या गुडघ्यांना आराम पडला तो खराच आहे. ‘साखर वाढली का ते बघू, तुमच्यासंगं माझंही रक्त दाखवू’ म्हणा, तुमच्यासाठी म्हणून त्या बसमध्ये बसतील.

मधल्या काळात त्यांना ताप आला, जुलाब-उलट्या लागल्या, पडल्या, किंवा पुडी संपून दोन-तीन दिवस झाले आणि त्या गळून गेल्या, तर घरी लिंबूपाणी देत थांबू नका. १०८ ला फोन करा. दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य हेच सांगा की यांना खूप दिवस स्टेरॉइडची पुडी चालू होती, म्हणजे तिथले डॉक्टर हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन लगेच देतील. केसपेपर मालकांना मागाहून काढू द्या.